सोळा किलोची पाठ

काजळी तांबडं फुटल्यापासून ओरडत होती. भुकेचं ओरडणं वेगळं असतं, कुत्रं शिरल्यावरचं वेगळं. हे तिसरंच होतं. चतुराबाईनं चुलीत काटकी सारली, पदर खोचला आणि ती गोठ्याकडं निघाली. काय झालं असेल ते तिला अर्ध्या वाटेतच कळलं होतं.

काजळीनं मान वर केली, तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा हंबरल्यासारखी ओरडली. वैरणीला तोंड लावलेलं नव्हतं. शेपूट एकसारखं हलत होतं. चतुराबाईनं ते दोन बोटांनी उचललं. खाली लाली आलेली, थोडी सूज, काचेच्या तारेसारखा चिकट स्राव. पोळ्याच्या आदल्या दिवशी जन्मलेली ही पाठ, अजून न व्यालेली तरणी शेळी, सातव्या महिन्यातच माजावर आली होती.

आणि का आली, हेही काही कोडं नव्हतं. पत्र्याच्या शेडमागं जीवनबाईचा बोकड बांधलेला होता. परवा संध्याकाळी हट्टा गावाहून पिकअपमधून तो उतरला, तेव्हा त्याच्या उग्र वासानं सगळा आखाडा, शेतातलं घर न् गोठा, भरून गेला होता. काळाकुळकुळीत, लांब कानांचा, छातीला रुंद. त्याच्याकडून फळलेल्या शेळ्या बहुतेक जुळं देतात, अशी हट्ट्याच्या शिवारात त्याची ख्याती होती. जीवनबाई म्हणजे चतुराबाईच्या नवऱ्याची, दगडोबाची, थोरली बहीण. दोन वर्षं झाली होती बोकडाला. त्याच्याच पोटच्या पाठी आता तिच्या गोठ्यात वयात यायला लागल्या, म्हणून तिला तो काढून टाकणं भाग होतं. सोमवारी गिऱ्हाईक न्यायला येणार होतं. जायच्या आधी भावाच्या काजळीला दाखवावा, म्हणून पाडव्याच्या निमित्तानं ती त्याला घेऊन आली होती.

काजळी ही या घरात साधी पाठ नव्हती. चतुराबाई लग्न होऊन पुसेगावाहून या घरात आली, तेव्हा आईनं तिच्यासोबत एक शेळी धाडली होती. तिची लेक, लेकीची लेक, असं ते वाण या शिवारात पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षं चालत आलं. तिची लेकरं, विजयकुमार आणि करुणा, त्याच शेळ्यांच्या दुधावर वाढले. मग गेल्या वर्षी पावसाळ्यात साथ आली. नाकातोंडाला पाणी, हगवण, चार-पाच दिवसांत खेळ खलास. अकरातल्या नऊ गेल्या. वाचलेल्या दोघींतली एक पुढं महिनाभरात गेली. उरली ती म्हातारी. तिनं पोळ्याला ही एकच पाठ दिली आणि थंडीत तीही बसली ती उठली नाही. आता गोठ्यात बाजारातून आणलेली एक दुभती शेळी होती आणि काजळी. त्या वाणातली शेवटची.

चहाला सगळे लिंबाखाली बसले. हळदीचे दिवस होते. विजयकुमारचे हात कोपरापर्यंत पिवळे, त्याच्या बायकोच्या, प्रियंकाच्या साडीचा काठ पिवळा, बशीच्या कडेलाही पिवळी बोटं उमटलेली. मागं हळद शिजवायचा मोठा कुकर तापत होता आणि शिजलेल्या हळदीचा जड वास हवेत थांबून राहिला होता.

"आली म्हणं माजावर," जीवनबाई म्हणाली. तिला कुणी सांगितलं नव्हतं; तिनंही आवाजावरूनच ओळखलं होतं. "बघ दगडू, मी म्हणलं व्हतं का न्हाई? पायगुण हाय माह्या बोकडाचा. चहा झाला की सोडा तिला."

दगडोबाचा चेहरा उजळला. "आक्का, तू आली नसतीस तर आमी कुठं हिंडलो असतो असला बोकड पाहत?"

"मामा," प्रियंकानं बशी खाली ठेवली, "काजळीला आत्ता लावायचं न्हाई."

प्रियंका या घरात येऊन बारा वर्षं झाली होती, पण सासऱ्याच्या शब्दावर ती असा शब्द टाकत नसे. साथीनंतर मात्र तिनं एक केलं होतं: पंधरा दिवसांचं शेळीपालनाचं शिक्षण घेऊन आली होती. लस कधी, जंताचं औषध कधी, हे आता तिच्याच ध्यानात असायचं.

"काहून न्हाई?" जीवनबाईनं विचारलं.

"आत्याबाई, काल मी तिला हळदीच्या काट्याला झोळी करून टांगली व्हती. सोळा किलो भरली. तिची आई बत्तीसची व्हती. निदान बावीस तरी पाहिजे. वय बी कमी हाय, दहा महिने तरी व्हावं. माज काय, तीन हप्त्यांनी परत येतोच की."

"माज परत येतोय गं, पण बोकड परत येतो का? सोमवारी चालला तो."

"आन आता फळली तर भर पावसाळ्यात व्यायची," प्रियंका म्हणाली. "खाली चिखल, वरून पाणी. पिल्लं टिकत न्हाईत. जरा थांबलो तर दिवाळीनंतर व्यायची. कोरडं ऱ्हातंय, पाला असतोय."

"शिकून आली का पंधरा दिवसांत!" जीवनबाई हसली. हसण्यात राग नव्हता, पण मायाही नव्हती. "आमी जलमभर शेळ्या सांभाळल्या, कधी कुणाला काट्याला टांगलं न्हाई. जनावराला कळतं का न्हाई त्याची वेळ? तिला पाहिजे म्हून ती ओरडून राहिली. विजू, तू सांग."

विजयकुमारनं आधी बायकोकडं पाहिलं, मग आत्याकडं. "दोघीचं बी बराबर हाय," तो म्हणाला आणि कुकरचं झाकण बघायला उठून गेला.

दगडोबा मात्र हलला नाही. तो काजळीकडं पाहत होता. "सुनबाई, तुझं कागदावरचं खरं असंल," तो सावकाश म्हणाला. "पण मी एका महिन्यात नऊ खड्डे खोदले. तू बी पाहिलंस. ही एकटी राहिलीय. तीन महिन्यात हिला काय झालं तर? साप हाय, कुत्रं हाय, परत साथ हाय. एक पिल्लू जरी मागं राहिलं तरी वाण राहतंय. मला थांबायची भीती वाटती, दुसरं काय न्हाई."

प्रियंकानं चतुराबाईकडं पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. गोठा चतुराबाईचा होता. हे कुणी कधी बोलून दाखवलं नसलं तरी तसंच होतं.

चतुराबाईनं कपबशा गोळा केल्या. "हळदीवाल्या बाया यायच्यात," ती म्हणाली. "दुपारच्याला बघू."

जीवनबाईपुढं ती कधी बोललीच नव्हती. नणंद हट्ट्याला नांदत असली तरी या घरातलं बरंचसं तिच्या शब्दानं हललं होतं. विहीर कुठं घ्यायची, करुणाला कुठं द्यायची, सगळं. तिचं मन वाईट नव्हतं. साथीनंतर धान्य, कडबा घेऊन पहिली धावून आली ती जीवनबाईच. आताही ती काही मागायला आली नव्हती, द्यायलाच आली होती. देणाऱ्याला नको म्हणणं तर आणखीच जड.

बाया हळदीचे गड्डे मोडायला बसल्यावर चतुराबाई एकटीच गोठ्यात गेली. काजळीला तिनं दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि पाठीवरून हात फिरवला. कणा बोटांना एकेक मणका मोजून देत होता. मग तिनं हात मागं नेला. वयात आलेल्या शेळीच्या कमरेच्या दोन हाडांमध्ये चतुराबाईचा तळवा आडवा बसायचा. हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. इथं तीन बोटं टेकली आणि चौथी हाडावर चढली. तिनं पुन्हा ठेवून पाहिलं. तीनच.

प्रियंकाचा काटा आणि आपली बोटं एकच सांगत होती. खरं म्हणजे तिला हे पहाटेच ठाऊक होतं. प्रश्न काजळीचा नव्हताच. प्रश्न होता, ते तोंडातून काढायचं कसं.

तिला चिमणी आठवली. करुणा पोटात होती त्या साली सासूनं चिमणी नावाची पाठ अशीच घाईनं फळवली होती. चतुराबाईच्या तीन बोटांनी तेव्हाही सांगितलं होतं, पण ती बोलली नाही. चिमणी व्यायला अडली. दिवसभर कण्हत राहिली. पिल्लाचं डोकं दिसायचं आणि मागं जायचं. सूर्य कलताना चिमणीनं चतुराबाईच्या मांडीवर मान टाकली आणि मग कण्हणं थांबलं. त्या दिवशी चतुराबाई इतकी रडली की सासू म्हणाली, शेळीपायी कुणी एवढं रडतं का. सासूचं बरोबर होतं. ती काही नुसती शेळीपायी रडत नव्हती.

"अगं, सरक जरा," मागून दगडोबाचा आवाज आला. त्यानं काजळीचं दावं खुंटीवरून सोडलंही होतं. त्याच्या मागं जीवनबाई उभी होती, डोक्यावर पदर, हातात बोकडाला चुचकारायला मूठभर मका. "आक्का म्हणती, ऊन चढलं की माज उतरंल. तुझं मन काय व्हायचं न्हाई, तू तर मुकीच. चल, होऊन जाऊ दे."

काजळी त्याच्यामागं धावतच निघाली. पत्र्यामागून बोकडाची फुरफुर ऐकू आली.

"थांबा," चतुराबाई म्हणाली.

दगडोबा थांबला नाही. मग ती उठली, झपाझपा पुढं गेली आणि दाव्याला हात घातला. हळद मोडणाऱ्या बायांचे हात थबकले. प्रियंका सुपासकट उभी राहिली.

"न्हाई लावायची हिला. लहान हाय ती."

"चतुरा!" जीवनबाई चकित झाली होती. "सुनंचं ऐकून तू आता मला शिकवती का?"

"सुनंचं न्हाई, वन्सं. माह्या हाताचं ऐकून. कंबर भरली न्हाई हिची. अडंल."

"अडती म्हणं! समद्या अडत्यात का? जी आली माजावर ती व्याली, असंच चालत आलंय. बाईमाणसाचं तरी काय वेगळं असतं? तू ग कितव्या वर्षी बाळंत झालीस? पंधराव्या. मेलीस का?"

हे ती सहज बोलली. बोलून झाल्यावर आपण काय काढलं हे तिला उमगलं आणि हातातले मक्याचे दाणे तसेच राहिले.

चतुराबाईनं तिच्याकडं सरळ पाहिलं. सेहेचाळीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं.

"मी न्हाई मेले," ती म्हणाली. "लेकरू मेलं."

कुकरची शिट्टी वाजून गेली. विजयकुमार तिकडून आला होता तो अर्ध्यातच उभा राहिला. आपल्या आधी कुणी होतं, हे त्याला आज चाळिशीला टेकल्यावर कळत होतं.

"दोन दिवस अडले व्हते मी," चतुराबाई पुढं म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला सुद न्हवती. उठले तव्हा पाळणा न्हाई, लेकरू न्हाई. सासूबाई म्हणल्या, सुटलीस, आता कामाला लाग. मी कुणाला काय इचारलं न्हाई. तुमी व्हतात, वन्सं. तुमाला ठावं हाय."

दगडोबानं दावं सोडलं. त्या वेळी तो नांदेडला हमालीला होता. आठ दिवसांनी घरी आला, तेव्हा आईनं त्याला एवढंच सांगितलं होतं की पहिलं टिकलं नाही. त्यानंही विचारलं नव्हतं. तो खाली बसला आणि डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

चतुराबाईनं काजळीला परत नेऊन खुंटीला बांधलं. प्रियंका जवळ आली आणि तिनं दाव्याची दुसरी गाठ मारली.

दुपारी जीवनबाई जेवली नाही. शेडच्या पलीकडं सावलीत बोकडाशेजारी बसून राहिली. विजयकुमार दोनदा बोलवून आला. दोन्ही वेळा तिनं मान हलवली. त्यानं आईला हळूच विचारलं, "आत्या रुसली असंल तर पिकअपला फोन करू का? बोकडासंगं आजच जाते म्हणंल ती."

"थांब," चतुराबाई म्हणाली. तिनं ताटात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पिठलं घेतलं आणि स्वतः गेली.

जीवनबाईनं ताट पाहिलं, ठेवून घेतलं, पण घास मोडला नाही. चतुराबाई तिच्या शेजारी टेकली. बोकड माती उकरत होता.

"म्यां बोलायला नगं व्हतं," जीवनबाई म्हणाली.

"तुमी बोललात म्हून मला बोलता आलं."

"मला वाटलं व्हतं तू इसरलीस. कधी नाव काढलं न्हाईस." तिनं नाक पुसलं. "बोकड नेऊ दे का गिऱ्हाईकाला?"

"तुमचा बोकड, वन्सं."

"माहा हाय म्हूनच म्हणते. न्हाई देत त्याला. इथंच ठेवते. पण एका गोठ्यात कसं ऱ्हायचं दोघांनी? तो काय तुह्या सुनंच्या बावीस किलोची वाट बघत बसंल?"

चतुराबाईला एकदम हसू आलं. "पोटाखाली गोणपाट बांधू. माही आई बांधायची. पुढं लोंबतं राहिलं म्हंजे उडी मारली तरी काय व्हत न्हाई."

"व्हय की! आमच्या सासऱ्यांनी मेंढ्याला बांधलं व्हतं." जीवनबाईनं पहिला घास मोडला. "बोलाव तिला. तुह्या सुनंला. मापाचं शिवायला तीच पाहिजे."

प्रियंकानं दाभण घेऊन गोणपाट शिवलं. जीवनबाईनं बोकडाची शिंगं धरली आणि चतुराबाईनं पाठीवरून दोऱ्या आवळल्या. बोकड रागानं गोल गोल फिरला. दगडोबा दुरून पाहत होता. मग तो विळा घेऊन शेवरीचा पाला आणायला गेला आणि आणल्यावर पहिली पेंढी काजळीपुढं टाकली. दुसऱ्या दिवशी तिचा माज उतरला आणि ती वैरण खाऊ लागली.

बोकड आखाड्यावर सव्वातीन महिने राहिला. दगडोबानं काजळीला रोज मूठभर मका भरडून घातला, आणि दर पंधरा दिवसांनी तोच तिला काट्याकडं न्यायचा. भीती गेली नव्हती, पण तिला आता करायला काहीतरी काम मिळालं होतं. एकदा साप निघाला, तेव्हा तो आठ दिवस गोठ्यातच बाज टाकून झोपला. आषाढ लागला तेव्हा काटा साडेबावीसवर थांबला. प्रियंकानं आकडा सांगितला आणि सासूकडं पाहिलं. चतुराबाईनं तळवा ठेवला. आडवा बसला. गोणपाट सोडायला जीवनबाई मुद्दाम हट्ट्याहून आली होती. कार्तिक सरताना काजळी व्याली, अर्ध्या तासात, कुणाचा हात न लागता. एक पाठ, एक बोकड. पण ते सगळं पुढचं.

त्या दिवशी, पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी, भांडी घासून झाल्यावर जीवनबाई म्हणाली, "चल जरा."

"कुठं?"

"चल म्हणते ना."

दोघी हळदीच्या उकरलेल्या रानातून निघाल्या. ढेकळांमधून चालताना जीवनबाई दम घ्यायला थांबायची. चतुराबाईनं तिचा दंड धरला. शिवाराच्या शेवटी, ओढ्याकडच्या बांधावर करंजाची तीन झाडं होती. मधल्या झाडाखाली जीवनबाई उभी राहिली. सूर्य बुडायला टेकला होता.

"हितं," ती म्हणाली. "दाई न्यायला निघाली व्हती. म्या घेतली तिच्याकडून. म्या आणली हितं."

चतुराबाई उभीच राहिली. ओढा कोरडा होता. करंजाला नवी पालवी फुटलेली. या बांधावर तिनं हजार वेळा गवत कापलं होतं, याच सावलीत बसून भाकरी खाल्ली होती.

"पोरगी व्हती," जीवनबाई म्हणाली. "केस लई व्हते, हितपर्यंत. म्या आईला म्हणलं, चतुराला एकदा दाखवू. आई म्हणली, बघितलं तर सोडायची न्हाई. म्या ऐकलं तिचं. मला बी कळत न्हवतं, मी तरी एकोणीस वर्षांची. पण दाखवायला पाहिजे व्हती तुला."

वाऱ्यानं पालवी हलली आणि थांबली. चतुराबाईनं विचारलं, "बिनानावाचीच गेली का?"

जीवनबाईनं मान हलवली. "न्हाई. आणताना वाटंत म्या ठेवलं. कुणाला सांगितलं न्हाई. पारू म्हणलं म्या तिला."

चतुराबाई खाली बसली. तिनं तळहात मातीवर ठेवला, बोटं पसरून, सगळा.

"पारू," ती म्हणाली.